पाण्याचे अंतर मोजता, बंदी कोण मोजणार?

२० मार्च म्हटले की आपल्यापुढे महाड उभे राहते. चवदार तळे, ओंजळीतले पाणी आणि १९२७ साल. परंतु गेली काही वर्षे याच तारखेच्या सुमारास जगभरची वर्तमानपत्रे दुसरीच बातमी छापत असतात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१२ साली ठराव करून २० मार्च हा आंतरराष्ट्रीय आनंद दिवस म्हणून जाहीर केला आणि त्याच दिवसांत जागतिक आनंद अहवाल बाहेर पडतो. कोणता देश सर्वांत सुखी, कोणता सर्वांत दुःखी, याची यादी त्यात असते. २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वर्षे फिनलंड पहिला. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८ वा, नेपाळ ९२ वा, पाकिस्तान १०९ वा. झाले! सत्तेचे समर्थक म्हणतात, ही भारताची बदनामी आहे. विरोधक म्हणतात, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? त्या लोकांना नेमके विचारले काय होते, हे वाचण्याचे कष्ट मात्र दोघेही घेत नाहीत.

वकिलाला पहिली सवय लागते ती हीच. साक्षीदाराने काय सांगितले, त्याआधी त्याला काय विचारले ते पाहायचे.

या अहवालातला क्रम ज्या प्रश्नावर ठरतो तो प्रश्न एकच आहे. हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकन संशोधकाने १९६५ साली तो मांडला आणि आज गॅलप ही संस्था तो जगभर विचारते. एक शिडी डोळ्यांसमोर आणा. तळाची पायरी शून्य, वरची दहा. वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेले सर्वांत चांगले आयुष्य, तळाची म्हणजे सर्वांत वाईट. तुम्ही आज कोणत्या पायरीवर उभे आहात? लोकांनी दिलेल्या आकड्यांची तीन वर्षांची सरासरी काढली की देशाचा क्रमांक लागतो. २०२५ च्या अहवालात फिनलंडची सरासरी ७.७ च्या पुढे, आपली ४.४ च्या आसपास.

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी अभ्यासवर्ग भरतो. तिथे मी हा प्रश्न विचारून पाहिला. नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या एक आजी पुढे बसल्या होत्या. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाल्या, "आठ लिही बाळा. घरात नळ आहे, पेन्शन येते, नातू इंजिनीअर झाला. अजून काय पाहिजे?" नातू शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "चार." आजी त्याच्याकडे बघतच राहिल्या. एकच घर, एकच नळ, एकच स्वयंपाकघर! आजीची शिडी मैल्याच्या टोपलीपासून सुरू झाली होती. नातवाची सुरू झाली ती कंपनीच्या मुलाखतीत आडनाव ऐकल्यावर समोरच्या चेहऱ्यावर उमटलेल्या रेषेपासून. आता सांगा, या घराची सरासरी सहा काढून काय मिळाले?

ही अडचण अर्थशास्त्रज्ञांना ठाऊक नाही असे नाही. अमर्त्य सेन यांनी आपल्या लिखाणात बंगालच्या दुष्काळानंतरची एक पाहणी मांडली आहे. १९४४ साली कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात विधुर पुरुषांना आणि विधवा स्त्रियांना प्रकृतीविषयी विचारण्यात आले. ४८.५ टक्के विधुरांनी सांगितले की आम्ही आजारी आहोत किंवा प्रकृती बेताची आहे. विधवांपैकी असे सांगणाऱ्या अवघ्या २.५ टक्के निघाल्या. विधवा अधिक धडधाकट होत्या काय? मुळीच नाही. आपल्या दुखण्याला दुखणे म्हणण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलाच नव्हता. सेन यांनी केरळ आणि बिहारचाही दाखला दिला आहे. आयुर्मान अधिक असलेल्या केरळातले लोक आजारपणाची तक्रार जास्त करतात, बिहारचे कमी. शिकलेला माणूस तक्रार करतो, कारण त्याला कळलेले असते की हे असे असायला नको. बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले ते दुसरे काय? गुलामाला गुलामीची जाणीव झाली की त्याच्या शिडीवरचा आकडा खाली येतो. आणि यादीत त्याची नोंद होते ती देश दुःखी झाला अशी!

तेव्हा केवळ मनाचा कौल घेऊन चालत नाही. पण मनाचा कौल न घेता नुसता पैसा मोजला तर काय होते, तेही जगाने पन्नास वर्षे पाहिले. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत ज्यांनी बसवली त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली अमेरिकन संसदेला दिलेल्या अहवालात बजावले होते की या आकड्यावरून लोकांचे कल्याण जोखू नका. ऐकतो कोण? दुसऱ्या महायुद्धानंतर प्रत्येक देशाची उंची याच एका पट्टीने मोजली गेली. दारूचा खप वाढला, दवाखान्याची बिले वाढली, तुरुंग बांधले, तरी उत्पन्न वाढतेच. घरात राबणाऱ्या बाईचे काम मात्र त्यात शून्य.

या पट्टीला पहिला खरा प्रतिस्पर्धी उभा केला तो एका पाकिस्तानी आणि एका भारतीय माणसाने. महबूब उल हक आणि अमर्त्य सेन हे केंब्रिजमधले मित्र. १९९० साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या पहिल्या मानव विकास अहवालात हक यांनी नवा निर्देशांक आणला. माणूस किती वर्षे जगतो, किती शिकतो आणि त्याच्या हाती किती उत्पन्न येते, या तीन गोष्टींचा मिळून एक आकडा. सेन आधी राजी नव्हते. माणसाचे आयुष्य एका आकड्यात कोंबणे त्यांना ओबडधोबड वाटत होते. हक यांचे म्हणणे असे की राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडाही ओबडधोबडच आहे, त्याला हटवायचे तर तितकाच सुटसुटीत पण माणसाकडे पाहणारा आकडा हवा. शंभर तक्ते दिले तर लोक कौतुक करतील आणि पुन्हा उत्पन्नाकडेच वळतील. सेन यांनी पुढे कबूल केले की हक यांचे बरोबर होते. चळवळीत काम करणाऱ्याला हा युक्तिवाद चटकन पटेल. घोषणा छोटी असावी लागते.

२०१० साली या निर्देशांकाच्या गणितात एक महत्त्वाचा बदल झाला. पूर्वी तिन्ही गुणांची साधी सरासरी काढत. म्हणजे दोन विषयांत ०.९ आणि तिसऱ्यात ०.३ गुण मिळाले तर सरासरी ०.७०. पैशाची सूज शिक्षणाची लंगड झाकून टाकत असे. आता तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचे घनमूळ काढतात, आणि तोच निकाल ०.६२ वर येतो. एक पाय लंगडा असेल तर चाल लंगडी दिसते.

परंतु हे सगळे देशाच्या सरासरीचे झाले. आपल्यासाठी या निर्देशांकाच्या इतिहासातली सर्वांत मोलाची पाने आहेत ती १९९३ आणि १९९४ सालच्या अहवालांतली. १९९३ च्या अहवालात अमेरिका सहाव्या क्रमांकावर होती. अहवालकर्त्यांनी काय केले, तर अमेरिकेचे आकडे फोडले. गोरे अमेरिकन हा वेगळा देश मानला तर तो जगात पहिला. काळे अमेरिकन हा वेगळा देश मानला तर तो एकतिसावा, त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या शेजारी. लॅटिन अमेरिकन वंशाचे लोक पस्तिसावे. दुसऱ्या वर्षी दक्षिण आफ्रिकेची पाळी आली. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले तेच हे १९९४ साल. गोऱ्यांची दक्षिण आफ्रिका जगात चोविसावी, स्पेनच्या मागोमाग. काळ्यांची १२३ वी, काँगोच्या किंचित वर. एकाच झेंड्याखाली राहणाऱ्या दोन देशांमध्ये जवळजवळ शंभर पायऱ्यांचे अंतर! वर्णद्वेषावरची शेकडो भाषणे जे सांगतात ते या दोन आकड्यांनी सांगितले.

आपल्या देशाचे असे दोन तुकडे त्या अहवालात कधी ठळकपणे मांडले गेले काय? जातवार मांडणी करण्याचे काम प्रामुख्याने इथल्याच अभ्यासकांना करावे लागले. डॉ. सुखदेव थोरात यांनी अनुसूचित जाती-जमातींचे विकासाचे निर्देशांक वेगळे काढून दाखवले. हे काम आपल्या किती कार्यकर्त्यांनी वाचले आहे, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो. २०२५ च्या मानव विकास अहवालात भारत १९३ देशांत १३० वा आहे, गुण ०.६८५. विषमतेचा हिशेब धरला की हे गुण ३०.७ टक्क्यांनी घटतात आणि ०.४७५ वर येतात. म्हणजे निर्देशांकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा विषमता गिळून बसते. हा आकडा विषमता आहे हे सांगतो. ती कोणाच्या वाट्याची, हे त्यातून कळत नाही.

ते कळले ते २०२१ साली, दुसऱ्या एका निर्देशांकामुळे. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या सबिना अल्कायर आणि त्यांचे सहकारी जेम्स फॉस्टर यांनी बहुआयामी दारिद्र्य मोजण्याची रीत बसवली आणि २०१० पासून ती जगभर वापरात आहे. त्यात उत्पन्न विचारतच नाहीत. घरात कोणी कुपोषित आहे का, मूल दगावले का, कोणी सहा वर्षे तरी शाळा शिकले का, मुले शाळेत जातात का, चूल कशावर पेटते, संडास, पाणी, वीज, घर, वस्तू, अशा दहा गोष्टी घराघराने तपासतात. तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक उणिवा असतील तर ते घर गरीब. मला या रीतीचे एक विशेष वाटते. ती सुखापासून सुरुवात करत नाही, दुःखापासून करते. तथागतांनीही आधी दुःख आहे हे सांगितले, मग कारण, मग मार्ग.

भारतापुरते हे आकडे येतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून. ही पाहणी आपल्या मुंबईतल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते आणि त्या प्रश्नावलीत कुटुंबाची जात-जमात विचारलेली असते. म्हणून फोड करणे शक्य झाले. २०१५-१६ च्या पाहणीवर आधारलेल्या २०२१ च्या जागतिक अहवालाने सांगितले की भारतातल्या दर सहा बहुआयामी गरिबांपैकी पाच जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातले आहेत. अनुसूचित जमातींत निम्मे लोक गरीब, अनुसूचित जातींत ३३.३ टक्के, इतर मागासवर्गात २७.२ टक्के. जात आता संपली, उरली ती फक्त गरिबी, असे दिवाणखान्यात बसून सांगणाऱ्यांना हे एक वाक्य पुरे आहे.

आनंदाच्या यादीची अशी फोड का होत नाही, यालाही एक गणिती कारण आहे. गॅलप सामान्यतः देशागणिक वर्षाला सुमारे हजार लोकांना प्रश्न विचारते. हजार माणसांवरून १४० कोटींचे कसे कळेल, असा प्रश्न लोक विचारतात. नमुना नीट निवडला तर सरासरी कळते. भाताची परीक्षा शितावरून होते तशी. टक्केवारीत चूक फार तर तीनेक टक्के इकडेतिकडे. खरी अडचण पुढे आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अनुसूचित जमाती ८.६ टक्के, म्हणजे हजारांत ८६ माणसे. त्यांच्यापुरते बोलायचे तर चूक दहा टक्क्यांच्या वर जाते. त्यातल्या स्त्रिया वेगळ्या काढल्या तर हाती पन्नासही उरत नाहीत. लहान नमुन्यात पहिला बळी जातो तो अल्पसंख्य माणसाचा. त्याला कोणी मुद्दाम वगळलेले नसते, तो फक्त दिसत नाही.

मुद्दाम वगळण्याचेही उदाहरण आहे, आणि ते सांगताना मला जड जाते. ते भूतानचे आहे. एक बौद्ध देश म्हणून आपल्याला भूतानविषयी जिव्हाळा वाटतो. राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा राष्ट्रीय आनंद मोठा, हे सूत्र तिथल्या राजाने १९७० च्या दशकात मांडले. २०११ साली संयुक्त राष्ट्रसंघात आनंदाचा ठराव आणला तो भूताननेच. त्यांचा निर्देशांक कसून केलेला आहे. नऊ क्षेत्रे, ३३ निकष. वेळ कसा जातो, शेजारधर्म कसा आहे, जंगल कसे आहे, सारे विचारतात. २०१० साली ४०.९ टक्के, २०१५ साली ४३.४ टक्के आणि २०२२ साली ४८.१ टक्के लोक त्या कसोटीला सुखी ठरले. नऊ क्षेत्रांपैकी एक आहे सांस्कृतिक विविधता. आता याच देशाची दुसरी मोजणी पाहा. १९८५ चा नागरिकत्व कायदा आला, त्यामागून १९८८ ची जनगणना आली. दक्षिण भागातल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा लोकांना सांगण्यात आले की १९५८ सालची कराची पावती दाखवा. लोकांची सात वर्गांत विभागणी झाली. पहिला वर्ग अस्सल भूतानी, सातवा परकीय. १९८९ साली राष्ट्रीय पोशाख सर्वांना सक्तीचा झाला. पुढच्या काही वर्षांत लाखभर माणसे देशाबाहेर ढकलली गेली, नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत पडली. २००७-०८ पासून त्यांतले बहुतेक अमेरिकेत आणि इतर देशांत वसवले गेले. जे देशात नाहीत त्यांना आनंदाच्या पाहणीत कोण विचारणार? बुद्धाचे नाव घेणाऱ्या राज्याने हे केले म्हणून आपण गप्प बसावे, असे मला वाटत नाही.

मोजणी करून माणूस नाहीसा करता येतो, हे बाबासाहेबांनी स्वतः पाहिले होते. १९३२ साली मताधिकार ठरवण्यासाठी लोथियन समिती काम करत होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. अस्पृश्यांची संख्या किती, यावर राजकीय हक्क ठरणार हे दिसताच काही प्रांतांतल्या सवर्ण पुढाऱ्यांना एकाएकी आपल्या प्रांतात अस्पृश्य जवळजवळ नाहीतच असा साक्षात्कार झाला! कोट्यवधी माणसे कागदावर आटून गेली. बाबासाहेबांनी त्याचा हिशेब लिहून ठेवला आहे.

आता पुन्हा महाडकडे वळू. बहुआयामी दारिद्र्याच्या निर्देशांकात पाण्याचा निकष असा आहे: पाण्याचा स्रोत सुरक्षित हवा आणि जाऊन-येऊन तीस मिनिटांच्या आत हवा. निकष चांगलाच आहे. डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालणाऱ्या बाईला त्याचे मोल कळते. पण ही पट्टी चवदार तळ्याला लावून बघा. तळे तर भर गावात होते. चालायला किती मिनिटे लागतात, हा तिथे प्रश्नच नव्हता. कायद्याचे म्हणाल तर मुंबई विधिमंडळाचा बोले ठराव १९२३ चा आणि महाड नगरपालिकेचा तळे खुले करण्याचा ठराव १९२४ चा. कागदावर तळे खुले, अंतरावर तळे जवळ, आणि घशाला मात्र कोरड. त्या पाण्याला स्पर्श केला म्हणून लोकांना मार खावा लागला आणि हक्कावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला मार्च १९३७ उजाडावा लागला. १९२७ साली एखादा पाहणी करणारा महाडला गेला असता तर त्याने अंतराच्या रकान्यात बरोबरची खूण केली असती आणि पुढच्या गावाची वाट धरली असती.

हेच आज शाळेतल्या पोषण आहाराच्या पंगतीला लागू आहे, भाड्याच्या घराला लागू आहे, दवाखान्यात हात न लावता तपासणाऱ्या डॉक्टरला लागू आहे. सोय आहे का, एवढे विचारले जाते. सोय मिळताना माणसाला कसे वागवले, हे विचारले जात नाही. कायद्याने मात्र ते केव्हाच ओळखले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने सार्वजनिक पाणवठा वापरण्यास अडथळा आणणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवला. संख्याशास्त्र अजून मागे आहे.

अपमान मोजता येत नाही, असे कोणी म्हणेल. अल्कायर यांच्या संस्थेनेच आंतरराष्ट्रीय पाहण्यांतून राहून गेलेल्या बाबींची यादी केली तेव्हा तिच्यात लाज न वाटता चारचौघांत वावरता येणे ही बाब घातली होती. आणि विचारले तर उत्तर मिळते, हे आपल्याच देशात सिद्ध झाले आहे. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि मेरीलँड विद्यापीठ यांनी २०११-१२ साली ४२ हजार कुटुंबांची पाहणी केली. त्यात सरळ विचारले होते की तुमच्या घरात अस्पृश्यता पाळतात का. २७ टक्के कुटुंबांनी हो म्हटले. ब्राह्मण कुटुंबांत हे प्रमाण ५२ टक्के. हा आकडा कबुलीजबाबाचा आहे. ज्यांनी तोंडावर नाही म्हटले त्यांचा हिशेब निराळा.

मग जगाच्या पट्टीत हे का उतरत नाही? डर्बानच्या २००१ च्या वंशवादविरोधी परिषदेत भारत सरकारने जात हा विषय वंशभेदाच्या चर्चेत घेण्यास कसा विरोध केला, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २९ वी सर्वसाधारण शिफारस केली. जन्मावर आधारलेल्या भेदात जातही येते असे तीत म्हटले आणि अशा समाजांच्या स्थितीची वेगळी आकडेवारी द्या असे राष्ट्रांना सांगितले. भारताने ती व्याख्या मानली नाही. २०१५ साली शाश्वत विकासाची उद्दिष्टे ठरली. आकडे उत्पन्न, लिंग, वय, वंश, स्थलांतर, अपंगत्व आणि भूगोल यांप्रमाणे फोडून द्यावेत असे उद्दिष्ट १७.१८ मध्ये लिहिले आहे. जात हा शब्द तिथे नाही. पण शेवटी एक शेपूट आहे: देशाच्या परिस्थितीत महत्त्वाची असलेली इतर वैशिष्ट्ये. आम्हा वकिलांना अशी शेपटे आवडतात. त्यांच्यातूनच आत शिरता येते.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय घेतला. १९३१ नंतर जनगणनेत सर्व जाती मोजण्याचा हा पहिलाच निर्णय. त्या जनगणनेची संदर्भ तारीख ठरली आहे १ मार्च २०२७, आणि महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतात २० मार्च २०२७ ला. जनगणनेने डोकी कळतील. वागणूक कळण्यासाठी कुटुंब आरोग्य पाहणीसारख्या प्रश्नावलीत जागा मिळवावी लागेल, कारण जगाचे निर्देशांक तिथूनच आकडे उचलतात. आमच्या अभ्यासवर्गाने त्यासाठी एक निवेदन तयार केले आहे. त्यात तीन प्रश्न आहेत. गेल्या बारा महिन्यांत पाणवठा, देऊळ, हॉटेल किंवा स्मशान वापरताना घरातल्या कोणाला जातीवरून अडवले का? घर भाड्याने मागताना जात विचारली का? तिसरा प्रश्न त्या नातवाने लिहिला आहे: नोकरीच्या मुलाखतीत आडनावानंतर पुढचा प्रश्न कोणता होता? त्याला 'हो-नाही'च्या चौकटीत कसे बसवायचे, यावर गेले दोन रविवार वाद चालू आहे.